क्लोंडाइकला निघालात?

पाठीवर पीठ आहे. गव्हाचं, पंचवीस किलो. पट्टे खांद्यांत रुतलेत आणि पोत्याचा गोठून कडक झालेला कोपरा मणक्याच्या डाव्या अंगाला, बरोबर एकाच जागी टोचतोय. पोतं सरकवून घ्यावं तर दोन्ही हात गुंतलेले. एकात काठी, दुसऱ्यात बर्फाच्या जिन्यालगत लावलेला दोर. नाकासमोर पुढच्या माणसाच्या बुटाची टाच. ती उचलली की आपण पाय उचलायचा, ती थांबली की थांबायचं. मागचा तुमच्या टाचेकडे बघत चढतोय. खालून पाहिलं तर पांढऱ्या भिंतीवर मुंग्यांची रांग लागलीय असं वाटेल, पण खाली पाहायचं नसतं.

मार्च 1898. अलास्का आणि कॅनडा यांच्यामधली चिलकूट खिंड. शेवटच्या उभ्या चढणीवर बर्फात सुमारे पंधराशे पायऱ्या खोदल्यात. लोक तिला सोनेरी जिना म्हणतात. सोनं अजून आठशेहून अधिक किलोमीटर लांब आहे, हा भाग वेगळा. पायऱ्या सरकारनं खोदलेल्या नाहीत. दोन-चार धोरणी माणसांनी खोदल्या आणि खाली बसून चढणाऱ्यांकडून पैसे घेतले. रस्ता आला की टोल येतो, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

जिन्याच्या कडेला, बर्फातच, टेकायला कोनाडे कोरलेत. तिथं बसायचा मोह होईल. बसू नका. रांगेतून एकदा बाहेर पडलात की कुणी परत आत घेत नाही. कधीकधी तासन्‌तास फट मिळत नाही आणि अंगावरचा घाम कपड्यांतच गोठायला लागतो.

वर पोचलात. पोतं आपल्या ढिगावर टाका, ढिगात एक उंच काठी रोवलेली असू द्या, नाहीतर रात्रीतून बर्फ पडलं की सामान कुठं पुरलं गेलं ते सापडणार नाही. आता खाली उतरायचं. हे काम मजेचं आहे, या अख्ख्या वाटेवरचं एकमेव. बर्फात घसरगुंडीची खोबण पडलीय, तीत बसायचं आणि सुटायचं. तासांची चढण मिनिटांत संपते. तळाशी पोचून पाठीला पुन्हा पोतं बांधा. ही तुमची अकरावी खेप झाली. अजून पंचवीस बाकी आहेत.

छत्तीस खेपा कशासाठी, तर खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे माउंटेड पोलीस बसलेत. लाकडी खोपटं, ब्रिटिश निशाण, मॅक्झिम तोफ आणि जकातीची वही. वर्षभर पुरेल इतकी शिधासामग्री आणि हत्यारं दाखवल्याशिवाय ते कुणाला पलीकडे सोडत नाहीत. याच हिवाळ्याच्या तोंडावर सोन्याच्या ओढ्यांजवळच्या डॉसन गावात उपासमारीची वेळ आली होती, म्हणून हा नियम. सगळं मिळून वजन एका टनाच्या घरात जातं. सिएटलच्या दुकानांत छापील याद्याच मिळत: पीठ 180 किलो, खारवलेलं डुकराचं मांस सत्तरएक किलो, घेवडा पन्नासच्या वर, शिवाय वाळवलेले बटाटे, वाळवलेली फळं, मीठ, चहा, साबण, काडेपेट्यांचा ढीग, करवत, कुऱ्हाड, खिळे, होडीच्या फटी बुजवायला डांबर. यादी दुकानदारांच्या फायद्याची होती आणि खरीही होती.

नऊशे किलो भागिले पंचवीस, म्हणजे छत्तीस. डायई बंदरापासून बेनेट सरोवरापर्यंतची वाट 53 किलोमीटरची. सगळं पाठीवरच न्यायचं म्हटलं तर छत्तीस वेळा भरल्या पाठीनं जायचं आणि पस्तीस वेळा रिकामं परत यायचं. भरतात पावणेचार हजार किलोमीटर. पुण्याहून दिल्लीला चालत जा, परत या आणि दम न खाता नागपूरची वाट धरा. सपाटीला लोक स्लेज वापरत, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी भरे. पण तीन-तीन महिने माणसं ही 53 किलोमीटरची वाट चालतच होती. सोन्याच्या लाटेची चित्रं पाहिलीत तर नदीकाठी परात हलवणारा दाढीवाला दिसतो. मला विचाराल तर तो चित्रकाराचा आळस आहे. खरं चित्र पीठ वाहणाऱ्या हमालाचं काढायला हवं होतं.

तुम्ही हमाल कसे झालात? गेल्या जुलैत तुम्ही सिएटलमध्ये होतात, बेकार. 1893 पासून अमेरिकेत मंदी होती, बँका बुडाल्या होत्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या होत्या. या मंदीचा एक धागा आपल्या फोर्टातल्या टांकसाळीपर्यंत येतो. तोवर कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. 26 जून 1893 रोजी हिंदुस्थान सरकारनं ती बंद केली. जगातलं चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक उठून गेलं, भाव कोसळला, कोलोरॅडोतल्या चांदीच्या खाणींना टाळी लागली. आधीच डळमळलेल्या अमेरिकेला हा आणखी एक धक्का होता. त्याच वर्षी तिथल्या सरकारनं चांदी खरेदीचा कायदा रद्द केला, आणि पैसा म्हणजे सोनं हे समीकरण पक्कं होत गेलं. म्हणजे चार वर्षांनी कुठं सोनं निघाल्याची बातमी आली, की लोक वेडे का होतात ते समजायला लोभ हा एकच शब्द पुरत नाही.

बातमी 17 जुलै 1897 ला आली. ‘पोर्टलंड’ नावाची बोट सिएटलच्या धक्क्याला लागली आणि तीतून मळक्या कपड्यांतले खाणवाले सुटकेसा, रजया, डबे फरफटत उतरले. सगळ्यांत सोनं. वर्तमानपत्रांनी टनभर सोनं आल्याचं छापलं, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त होतं. (त्याच दिवसांत पुण्यात रँडच्या खुनानंतरची धरपकड चालू होती आणि दहा दिवसांनी टिळकांना अटक व्हायची होती. जग आपापल्या गडबडीत असतं.) ट्रामचे ड्रायव्हर ट्राम सोडून निघाले. सिएटलच्या महापौरानंही राजीनामा दिला आणि उत्तरेची वाट धरली. सुमारे लाखभर माणसं निघाली, त्यांतले तुम्ही एक. टनभर सोनं खाली उतरलेलं पाहिलंत, म्हणून आता टनभर सामान वर चढवताय.

जिन्याच्या पायथ्याच्या सपाट जागेला स्केल्स म्हणतात, म्हणजे काटा. इथं हमालांचं ओझं पुन्हा तोललं जाई आणि पुढच्या चढणीचा दर वाढे. हमाल ट्लिंगिट लोक होते, किनाऱ्यावरचे. ही वाट मुळात त्यांची. गोरा माणूस यायच्या कितीतरी आधीपासून ते इथून आतल्या लोकांशी व्यापार करत आणि वाटेवर आपला हक्क राखून असत. पौंडामागे दर सांगत, जास्त देणारा भेटला की आधीच्याचं ओझं तिथंच ठेवून त्याचं उचलत. गोऱ्यांनी डायऱ्यांत त्यांना बेभरवशाचे म्हटलंय. सिएटलचा दुकानदार एका रात्रीत फावड्याचा भाव चढवतो तेव्हा त्याला मात्र व्यवहारचतुर म्हणतात.

3 एप्रिल. बरेच दिवस ओलं, जड बर्फ पडत होतं आणि आता हवा ऊबदार झालीय. ट्लिंगिट हमालांनी वर जायला नकार दिला. त्यांच्या नकाराचा अर्थ ज्यांना कळला ते वाचले. तुम्ही त्या दिवशी खाली, शीप कॅम्पच्या तंबूत, सुजलेल्या घोट्याला फडकं गुंडाळून पडला होतात. नशीब म्हणा. दुपारच्या आत हिमकडा कोसळला. तुम्ही फावडं घेऊन बाकीच्यांबरोबर धावलात. बर्फ खाली येताना पिठासारखं असतं, थांबलं की सिमेंट होतं. खणताना बाहेर आलेला पहिला हात उघडा होता, हातमोजा निघून गेलेला. साठाहून अधिक माणसं मेली. डायईजवळच्या दफनभूमीत फळीमागून फळीवर मरणाची तीच तारीख आहे. थोड्याच दिवसांत रांग पुन्हा लागली, आणि तुम्ही तीत होतात.

शेजारची व्हाइट पास खिंड बरी असती का? ती उंचीला कमी, घोडे जातात अशी तिची जाहिरात होती. घोडे गेले, परत आले नाहीत. चिखल, अणकुचीदार दगड आणि कधी घोडा न हाकलेली माणसं. तीन हजारांच्या आसपास जनावरं तिथं मेली आणि वाटेला मेल्या घोड्यांची वाट हेच नाव पडलं. तिच्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

बेनेट सरोवर गोठलेलं आहे. काठावर तंबूंचं गाव आणि दिवसभर करवतींचा आवाज. पुढे डॉसनपर्यंत नदीनं जायचं तर होडी हवी, होडी हवी तर फळ्या हव्यात, आणि फळ्या ओंडक्यांतून स्वतःच काढायच्या. उंच मचाण बांधून त्यावर ओंडका ठेवतात. एक जण वर उभा, एक जण खाली, मधे दोन मुठींची लांब करवत. वरच्यानं रेघेवर करवत ओढून घ्यायची, खालच्यानं दात लावून खाली खेचायची. खालच्याच्या डोळ्यांत, तोंडात, मानेत भुसा. अर्ध्या तासात खालच्याची खात्री पटते की वरचा अंगचोरपणा करतोय. वरच्याला वाटतं, खालचा नुसता लोंबकळतोय. जागा बदलल्या की मतंही बदलतात, राग मात्र राहतो. खिंड ओलांडताना एकमेकांना सांभाळणारे जिवलग इथं फुटले. वाटणी करताना होडी मधोमध कापली, तवासुद्धा अर्धा कापून घेतला, अशा गोष्टी तिथं सांगितल्या जात. करवत हातात असलेल्या माणसाला त्या खोट्या वाटत नसत.

29 मे रोजी बर्फ फुटलं. सात हजारांवर होड्या, ज्यांतल्या निम्म्या तरी शवपेट्यांसारख्या दिसत होत्या, एकदम पाण्यात पडल्या. वाटेतल्या माइल्स कॅन्यनमध्ये आणि व्हाइट हॉर्सच्या धारेत पहिल्याच दिवसांत दीडशेच्या आसपास होड्या फुटल्या, माणसं बुडाली. मग पोलीस अधिकारी सॅम स्टील यानं फर्मान काढलं: बायका आणि मुलं काठानं चालत जातील, आणि जाणता नावाडी असल्याशिवाय होडी धारेत घालायची नाही. त्याच्या या वटहुकमामागे कोणता कायदा होता हे कुणी विचारलं नाही. तुमची होडी वाचली, पिठाचं एक पोतं भिजलं. भिजलेलं पोतं टाकू नका. बाहेरून लगदा होऊन वाळतं आणि आतलं पीठ कोरडं राहतं.

मग जून. रात्र होतच नाही, आणि डासांपुढे कोकणातले डास सभ्य वाटावेत. युकॉन नदीच्या वळणावर डॉसन दिसतं. चिखलाचे रस्ते, नव्या फळ्यांचा वास आणि इकडून तिकडे नुसतीच चालणारी हजारो माणसं. ती का चालतायत ते तासाभरात कळतं. त्यांना करण्यासारखं काही नाही.

सोनं सापडलं ते 16 ऑगस्ट 1896 ला, म्हणजे तुम्ही बातमी वाचलीत त्याच्या अकरा महिने आधी. जॉर्ज कारमॅक हा गोरा, त्याची टॅगिश बायको केट, तिचा भाऊ कीश आणि भाचा डॉसन चार्ली. प्रत्यक्ष सोनं कुणाला दिसलं यावर वाद आहेत. टॅगिश लोक कीशचं नाव घेतात. शोधाच्या नावाचा मानाचा तुकडा मात्र कारमॅकच्या नावे लागला. कीशला गोरे ‘स्कूकम जिम’, म्हणजे दांडगा जिम म्हणत, कारण त्यानं याच चिलकूटवरून एका खेपेत सत्तर किलो मांस वाहून नेलं होतं. तुम्ही पंचवीस नेत होतात. सोन्याची खबर लागताच आसपासचे जुने खाणवाले ओढ्याकडे धावले, कोपऱ्यांवर खुंट ठोकले, खुंटावर पेन्सिलीनं नावं लिहिली. बोनान्झा आणि एल्डोरॅडो या ओढ्यांवरची चांगली जमीन पहिल्या हिवाळ्यातच संपली होती. तुम्ही निघालात त्या दिवशी तुमच्यासाठी तिथं काही उरलेलं नव्हतं.

नदीकाठी लोक शिधा विकायला बसलेत. जो छत्तीस खेपांनी आणला तोच, परतीच्या तिकिटासाठी. लाखभर निघाले, तीस-चाळीस हजार पोचले, आणि सोनं हाती लागलेले चार हजारांच्या आसपास, असा अंदाज सांगतात. ज्यांना कळलं त्यांनी खणलंच नाही. बेलिंडा मलरूनी ही बाई 1897 मध्येच इथं आली ती गरम पाण्याच्या पिशव्या आणि कापड घेऊन. आल्या आल्या तिनं खिशातलं शेवटचं नाणं नदीत फेकलं, म्हणाली, आता चिल्लर नको. माल कित्येक पट भावानं गेला, मग खानावळ, मग हॉटेल. तिला ओझं कशाचं वाहावं हे ठाऊक होतं.

तुम्ही राहिलात. एका एल्डोरॅडोवाल्याचा तुकडा बटईनं घेतलात: कष्ट तुमचे, निघेल त्यातलं निम्मं त्याचं. जमीन बारा महिने गोठलेली, कुदळ लावली की ठिणगी उडते. म्हणून संध्याकाळी खड्ड्यात लाकडं पेटवायची. सकाळी धुरानं डोळे चुरचुरत खाली उतरायचं आणि रात्रीत वितळलेली फूटभर माती खरवडायची. वर जोडीदार रहाट फिरवतो, बादली वर जाते, ढीग वाढतो. पुन्हा आग. असं करत दोन-तीन पुरुष खाली मूळ खडकाला पोचायचं. सोनं असलं तर तिथं. नसलं तर शेजारी दुसरा खड्डा. बाहेर उणे चाळीसच्या खाली, पारा बाटलीत घट्ट झालेला.

यातली खरी क्रूर गोष्ट अशी की ढिगात काय आहे ते मेपर्यंत कळत नाही. ओढा वाहू लागल्याशिवाय माती धुता येत नाही. झोपडीत बर्फ वितळवून एखादी परात धुवून पाहता, तळाशी चार पिवळे कण दिसतात, त्यावर महिना काढता. आपल्या सराफ कट्ट्यावर पहाटे रस्ता झाडून ती माती धुणारे झारेकरी असतात, त्यांना रोजचा हिशेब रोज कळतो. डॉसनमध्येही गुत्त्यांतल्या फरशीवरचा भुसा धुऊन पोटं भरणारे होते, कारण दारूचे पैसे सोन्याच्या भुकटीनंच मोजले जात. त्यांचा धंदा तुमच्यापेक्षा बरा चालला.

फेब्रुवारीत हिरड्या सुजल्या. मार्चमध्ये नडगीवर अंगठा दाबलात तर खळगा तसाच राहिला, कणकेवर राहतो तसा. स्कर्व्ही. सहा महिने पीठ, घेवडा आणि खारं मांस, दुसरं काही नाही. खिशात मूठभर आवळे असते तर कदाचित निभावलं असतं. इथं शहाणे लोक स्प्रूसच्या पानांचा काढा पितात; कडू आहे, पण प्या. गावात फादर जज नावाच्या जेसुइट पाद्र्यानं इस्पितळ चालवलं होतं, टायफॉइडचे आणि स्कर्व्हीचे रोगी तिथंच जात. तो जानेवारी 1899 मध्ये न्यूमोनियानं गेला. एप्रिलच्या शेवटी डॉसनमध्ये आग लागून शंभरावर इमारती जळाल्या.

मेमध्ये पाणी आलं. ढीग धुतलात. मालकाचं निम्मं, सरकारचे दहा टक्के, दुकानदाराची उधारी. उरलं ते एका लहान चामडी बटव्यात मावलं, आणि बटवा भरला नाही. उन्हाळ्यात खबर आली की अलास्कात, नोमच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूतच सोनं आहे. हजारो माणसं आठवड्याभरात बोटींवर चढून निघून गेली. तुम्हीही धक्क्यावर उभे आहात. जाणार की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

धक्क्यावरून समोर बघा, क्लोंडाइक नदी युकॉनला मिळते तिथं. ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा सामन मासे धरायचा तळ तिथं होता. नदीत जाळ्यांसाठी खुंट ठोकत, त्यावरून नदीचं नाव ट्रॉन्डेक. गोऱ्यांच्या जिभेवर त्याचं क्लोंडाइक झालं. खुंट ठोकणाऱ्यांच्या जागी दुसरे खुंट ठोकणारे आले. मूळचे लोक पाच किलोमीटर खाली मूसहाइडला गेले. त्यांचे प्रमुख आयझॅक यांना दिसलं की या गर्दीत आपली गाणी टिकणार नाहीत, म्हणून त्यांनी ती अलास्कातल्या आप्तांकडे ठेवायला दिली. कित्येक दशकांनी ती परत आणली गेली. 2023 मध्ये युनेस्कोनं ही सगळी जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवली, आणि नोंदीत नाव आधी ट्रॉन्डेकचं आहे, मग क्लोंडाइकचं.

चिलकूटची वाट आजही आहे, परवाना काढून चालायची. स्केल्सच्या आसपास गंजलेल्या तारा, फावडी, डबे आणि बुटांचे तळवे अजून पडलेले आहेत. वजन कमी करायला तुम्ही टाकलेला जुना बूट त्यांत असेल. तो उचलून घरी आणायला दोन्ही देशांच्या कायद्यानं मनाई आहे.